न फाटणारा फोटो

१

मुंझिरच्या दुकानात येणाऱ्या माणसाला फोटो मोठा करून हवा असायचा, आणि तो फोटो हमखास लहान असायचा. तराबलस शहराच्या बंदरावर, अल-मीना वस्तीत, फ्लेक्स छापणारे इतरही होते. पण गिऱ्हाइकाची आधी शिकवणी घेऊन मग छापून देणारा हा एकटाच. लोक त्याच्या पाठीमागे हसायचे आणि पुन्हा त्याच्याचकडे यायचे.

शिकवणी ठरलेली होती. "फोटो म्हणजे फरशी," तो सांगायचा. "फोननं जेवढ्या फरशा बसवल्या तेवढ्याच. तुम्ही खोली मोठी केलीत म्हणून फरशा वाढत नाहीत, एकेक ताणली जाते. मग नाकाच्या जागी एक चौकोन आणि डोळ्याच्या जागी दोन. यालाच म्हणायचं फोटो फाटला."

"पण माझ्या फोनवर तर झकास दिसतो!"

"तळहाताएवढ्या पडद्यावर माझी सासूसुद्धा झकास दिसते."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हा त्याच्या धंद्याचा पाया. त्यातून एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फोटो पाठवला की निम्म्या फरशा वाटेत गळतात, हे तो इतक्या पोटतिडकीनं सांगायचा की जणू त्या त्याच्याच घरच्या होत्या. मात्र गिऱ्हाईक अगदीच हिरमुसलं की हा विरघळायचा. तीन मजली फलक कुणी नाक लावून बघत नाही. माणसं रस्त्यावरून वर बघतात, तेवढ्या अंतरावर चौकटी एकमेकींत मिसळतात आणि चेहरा तयार होतो. म्हणून मोठा फलक गरीब फोटोलाही पोटात घेतो.

असे फलक बहुधा मेलेल्यांचेच असत. इथे माणूस गेला की संध्याकाळच्या आत त्याचा चेहरा घराच्या दर्शनी भिंतीवर चढतो. कोपऱ्यात काळी फीत, नावाआधी 'मरहूम', म्हणजे दिवंगत, हा शब्द. तो शब्द आणि ती फीत चढेपर्यंत शेजारीपाजारी सांत्वनालाही येत नाहीत.

या फलकांत मुंझिर न सांगता एक काम करायचा. फोनच्या फोटोत डोळे नुसते काळे येतात आणि एवढे मोठे केले की खड्ड्यासारखे दिसतात. फीत चढवण्याआधी तो डोळ्यांत शिरायचा आणि प्रत्येक बुबुळात वरच्या अंगाला एक पांढरी चौकट बसवायचा. याला तो 'दिवा लावणं' म्हणायचा. खाली उभे असलेले नातेवाईक म्हणायचे, आता बोलेल असं वाटतं बघा. ते ऐकून मुंझिर दोन दिवस खुशीत असायचा.

२

अबू नादिर दुकानात आला तेव्हा दुपार होती. हा म्हातारा जुना कोळी. हिवाळ्यात त्याचा एकुलता मुलगा नादिर एकटाच होडी घेऊन गेला होता. होडी सापडली. इंजिन ठीक, जाळं नीट गुंडाळलेलं, जाकीट फळीवर घडी करून ठेवलेलं. नादिर सापडला नाही. आता वसंत सरत आला होता.

"शुक्रवारी फलक चढवायचा," अबू नादिर म्हणाला. "मोठा कर. बंदरावरून दिसला पाहिजे."

मुंझिर चपापला. "उम्म नादिरला माहीत आहे? त्याच्या आईला?"

"तिला काय विचारायचं? ती अजून त्याचं ताट वाढते. भाकरी झाकून ठेवते. मी त्या ताटाकडे नुसतं बघितलं तरी फुरंगटून बसते. एकदा फलक चढला, माणसं दारात आली, की मानेल झक्कत."

"पण अबू नादिर, तिच्या पाठीमागे..."

"मला रडायचंय रे मुंझिर," म्हातारा एकदम म्हणाला. "माझा पोरगा गेला आणि माझ्या घरात रडायची बंदी आहे. ती म्हणते, रडलास तर तूच त्याला मारलास. किती दिवस गिळू मी?"

 मुंझिरनं खुर्ची पुढे केली.

फोटो एकच होता. ईदच्या दिवशी उम्म नादिरनं तिच्या जुन्या फोनवर काढलेला. अबू नादिरनं ती झोपलेली असताना भाच्याकरवी तो आपल्या फोनवर पाठवून घेतला होता. मुंझिरनं उघडला आणि सवयीनं जीभ घसरली. "हा फोटो आहे की टपालाचं तिकीट?"

"एवढाच आहे," म्हातारा म्हणाला. "बाकीचे त्याच्या फोनमध्ये होते."

मुंझिरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "होईल," तो घाईनं म्हणाला. "लांबूनच तर बघायचाय."

३

म्हातारा गेल्यावर तो कामाला बसला. वीज गेली होती. गल्लीतला जनरेटर घरघरत होता आणि टेबल बारीक थरथरत होतं. त्यानं फलकाचं माप टाकलं, नादिरला मधोमध घेतलं, मागची धुणं वाळत घालायची दोरी पुसून तिथे फिकट आभाळ भरलं. फीत आणि शब्द नेहमी शेवटी. त्याआधी दिवा. त्यानं डावा डोळा जवळ घेतला.

चौकटी आल्या नाहीत.

पापणीचे केस आले. त्यानं आणखी जवळ घेतलं. केसांच्या मुळाशी मिठाचे बारीक कण आले, कोळ्याच्या चेहऱ्यावर असतात तसे. मुंझिर खुर्चीत मागे रेलला आणि हसला. प्रोग्रॅम कधीकधी दीडशहाणपणा करतो. चौकटींच्या कडा पुसून गुळगुळीत करतो, नाहीतर अंदाजानं भुवया भरतो. त्यानं ते सगळं एकेक करून बंद केलं. पुन्हा जवळ गेला. मीठ तिथेच होतं, उलट त्याच्या कडा जास्त धारदार झाल्या होत्या.

त्यानं तसाच जुना दुसरा फोटो उघडला, शेजारच्या न्हाव्याचा. दोनदा मोठा केल्याबरोबर न्हाव्याचा डोळा फाटून तीन तपकिरी चौकोन झाला. बरं वाटलं त्याला. जग जागेवर होतं. तो नादिरकडे परत आला आणि बुबुळात शिरला.

बुबुळात समोरचं दिसतंच. माणूस उजेडाकडे तोंड करून उभा असला की खिडकी दिसते, फोटो काढणाऱ्याची आकृती दिसते. पण ते सगळं इथे एका फरशीत, फार तर दोन फरशांत संपायला हवं होतं. मुंझिरला तिथे स्वयंपाकघर दिसलं. टेबल दिसलं, टेबलावर दोन ताटं, आणि ताटांपाशी बसलेली उम्म नादिर. ईदचं जेवण, त्याला वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं. फोटो काढणारी तीच होती. आणि या बाईचे दोन्ही हात टेबलावर पालथे पडले होते.

काढला असेल म्हाताऱ्यानंच. म्हातारी माणसं विसरतात. असं म्हणत त्यानं घाईघाईत दिव्याची पांढरी चौकट बुबुळात बसवली. ती खिडकीवर फळी ठोकावी तशी दिसली. मुंझिरनं ती लगेच काढून टाकली, आणि काढताना नकळत "माफ कर" असं पुटपुटला.

४

पडदा खोटं बोलू शकतो. छापखाना बोलत नाही. यंत्राच्या नळीतून शाईचा जो थेंब पडतो त्याहून लहान थेंब त्याला पाडता येत नाही. त्यावर कुणाचीही करामत चालत नाही. मुंझिरनं फक्त तो डोळा, हातभर रुंद, कागदावर काढला. यंत्राचा ठोकळा इकडून तिकडे फिरत राहिला आणि डोळा पट्टीपट्टीनं बाहेर आला.

त्यानं तो टेबलावर पसरला आणि वर भिंग धरलं. भिंगाखाली कुठलाही चेहरा रंगीत ठिपके होऊन विखुरतो. तीस वर्षं त्यानं हेच पाहिलं होतं. आज एका ठिपक्यात ताटाची कड होती. कडेवर तळलेला मासा होता. माशाचा डोळा होता.

मुंझिर खाली बसला. भीती नंतर आली. आधी त्याला भरून आलं. आयुष्यभर तो लोकांना सांगत आला होता की फोटोत फार काही मावत नाही, आणि हा एवढासा, चोरून आणलेला, वाटेत निम्मा गळलेला फोटो कुठे संपायलाच तयार नव्हता. तो मोठ्यानं म्हणाला, "अल्ला, किती भरून ठेवलंयस हे," आणि आपल्याच आवाजानं दचकला.

मग त्यानं कागद आणि पडदा शेजारी शेजारी पाहिले.

कागदावर उम्म नादिर टेबलाशी बसली होती. पडद्यावरची खुर्ची रिकामी होती. एका ताटावर झाकण पडलं होतं आणि स्वयंपाकघराचं दार उघडं होतं.

त्यानं फायलीला हात लावला नव्हता. त्यानं कॉम्प्युटर बंद केला, श्वास मोजत बसला, चालू केला, फोटो उघडला. बुबुळात आता गल्ली होती. उम्म नादिर गल्लीतून येत होती, हातात पिशवी, तोंडानं काहीतरी बोलत. मागे उसाच्या रसाचं दुकान गेलं, मग मशिदीची पायरी. ती समोरून येत होती, म्हणजे जो बघत होता तो तिच्यापुढे, तिच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालत होता. कुठे ठेचकाळत नव्हता. मग तिच्या पाठीमागे न्हाव्याच्या दुकानाचं पट्ट्यापट्ट्यांचं छत आलं, आणि ते छत मुंझिरच्या शेजारचं होतं.

दारात सपाता वाजल्या. मुंझिरच्या मनात पहिला विचार आला तो असा, की तिच्यापुढे उलटं चालणारं कुणीतरी तिच्याआधीच आत आलं असणार. आणि ते अजून आतच असणार.

५

"मुंझिर! माझ्या पोराला भिंतीवर टांगायला निघालास?"

उम्म नादिर ठेंगणी, आडव्या बांध्याची बाई. तिच्या आवाजाला बंदरावरचे लिलाववालेही वचकून असत.

"खाला, बस तरी आधी."

"बसायला नाही आले मी! भाच्याच्या बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून कळलं मला. नाहीतर शुक्रवारी डोकं वर केलं असतं तेव्हा समजलं असतं की माझा मुलगा मेला! तुझ्या आईच्या बाळंतपणात पाणी मी तापवलं होतं रे. त्याचे पांग असे फेडतोस?"

"अबू नादिर म्हणाले..."

"त्याला काय, म्हाताऱ्याला रडायला निमित्त हवंय! पुस ते. माझ्यासमोर पुस."

मुंझिर पडद्यासमोर आडवा उभा राहायला गेला आणि त्याला उशीर झाला. तिनं पाहिलं. बोलता बोलता तिचं तोंड उघडंच राहिलं.

पडदाभर एकच बुबुळ होतं. त्यात हे दुकान होतं. रिळं, यंत्र, टेबल. टेबलापाशी एक वाकलेला माणूस आणि एक पिशवीवाली बाई होती. उम्म नादिरनं पिशवी खाली ठेवली. तिथेही पिशवी खाली गेली. तिनं हात वर केला. बुबुळातल्या बाईनं हात वर केला.

मुंझिर एक पाऊल मागे सरकला. उम्म नादिर मात्र हळूच खुर्चीवर बसली. तिच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "हिवाळ्यापासून. मी भांडी घासते तेव्हा पाठीवर नजर असते. ओझं नसतं रे तिचं. मी मागे वळायची नाही मुद्दाम. म्हटलं, बघतोय म्हणजे आहे. ताट वाढलं की बघतो, मी जेवले की बघतो. घरात पोरगा असावा तसंच. त्याच्या बापाला कुठे काय कळतंय!"

"खाला, हे बंद करू या."

"का? माझ्या मुलाचा डोळा आहे. तुला खायला उठलाय का?" ती पडद्याजवळ सरकली. "आणखी आत जा."

"आत काही नसतं. तिथं फोटो संपतो."

"संपला का?"

 त्यानं बोट पुढे नेलं.

६

दुकान मोठं होत होत पडद्याच्या कडांबाहेर गेलं. त्यांचे दोघांचे चेहरे मोठे झाले आणि तेही गेले. मधलं काळं उरलं. आता चौकटी येणार, मुंझिरनं मनात म्हटलं. काळ्या का होईना, येऊ देत. तो जन्मात कशाची इतकी वाट बघत बसला नव्हता.

काळं आधी नुसतं काळं होतं. मग त्यात वरखाली कळायला लागलं. फार उंचावरून उजेड झिरपत होता आणि पाण्याच्या तळाशी हलतो तसा सावकाश हलत होता. त्या उजेडात एक खांदा दिसला. खांद्यामागे दुसरा. त्यामागे एक पोर कडेवर घेतलेली बाई. मग मुंझिरच्या ध्यानात आलं की या खांद्यांना शेवट नाही.

रमजानात सूर्य बुडायच्या आधी बेकरीच्या खिडकीशी माणसं उभी राहतात, तशी ती उभी होती. न ढकलता, न बोलता, सगळी इकडे तोंड करून. कुणाच्या अंगावर कोळ्याचं रबरी जाकीट होतं, कुणाच्या अंगावर कुठल्या काळातलं ते सांगता येणार नाही असं काही. सगळी या एका गोल खिडकीतून बाहेर बघत होती. इतकी माणसं मुंझिरनं एका जागी कधी पाहिली नव्हती आणि इतकी शांतताही कधी ऐकली नव्हती. त्याला वाटलं आपण उभं राहावं, डोकं झाकावं. आणि त्याच वेळी वाटलं, पळावं. मागच्या कुणीतरी, फार मागच्या, मान जराशी तिरकी करून थेट त्याच्याकडे पाहिलं.

मुंझिरनं बोट उचललं.

उम्म नादिरनं नजर काढली नव्हती.  जनरेटर घरघरत होता.

"दार धरून उभा आहे तो," ती शेवटी म्हणाली.

"कोण?"

"नादिर. सगळ्यांत पुढे. तुला खांदे दिसले, मला त्याचा हात दिसला. चौकटीला धरलेला." तिचा आवाज अगदी घरगुती झाला होता. "लहान होता ना, तेव्हा मी जेवल्याशिवाय झोपायचा नाही. कितीही पेंग आली तरी डोळे ताणून बसायचा, आणि मी मुद्दाम सावकाश जेवायची. पोरगं समोर आहे तेवढं बरं वाटायचं. हिवाळ्यापासून तेच चाललंय रे माझं. मी जेवण संपवतच नाहीये."

"खाला..."

"त्याला पापणी मिटता येत नाही मुंझिर. मी धरून ठेवलंय." तिनं डोक्यावरच्या रुमालाची कड तोंडाशी नेली आणि खाली घेतली. "लिही तो शब्द."

"अबू नादिरना बोलावून घेतो. त्यांच्यासमोर..."

"त्याला नको. त्यानं मनातून कधीच लिहिलंय. हे मी सांगायला हवं. लिही म्हणते ना!"

मुंझिरनं फोटो लहान केला. नादिरचा पूर्ण चेहरा आला, ईदच्या दिवसाचा, जरा हसरा, आईनं कपाळावरून केस मागे सारायला लावलेला. त्याच्या नावाआधी मुंझिरनं त्या शब्दाचं एकेक अक्षर टाकलं.  शेवटचं अक्षर बसलं तेव्हा काही झालं नाही. त्यानं काळी फीत आणून कोपऱ्यात ठेवली. तेव्हाही काही झालं नाही. दाराबाहेर कुणीतरी न्हाव्याला हाक मारत होतं.

"आता बघ," उम्म नादिर म्हणाली. स्वतः तिनं तोंड फिरवलं होतं.

७

त्यानं डोळा जवळ घेतला. पहिल्याच झटक्याला तो फाटला. दोन तपकिरी चौकोन, एक करडा, कडेला मळकट पिवळा. त्यानं आणखी आत जाऊन पाहिलं. तपकिरी चौकोन मोठा झाला, आणखी मोठा झाला, आणि पडदाभर नुसता तपकिरी रंग पसरला. टेबलावरचा कागद त्यानं वळून पाहिला. त्यावरही तळहाताएवढे डाग होते. मासा नव्हता, ताट नव्हतं.

"काय दिसतं?"

"चौकटी, खाला. नुसत्या चौकटी."

ती उठली, पडद्यापाशी गेली आणि त्या तपकिरी रंगावर तिनं तळहात ठेवला. मग तिच्या पोटातून जो आवाज निघाला तो हिवाळ्यापासून आत बसलेला होता. न्हावी धावत आला आणि उंबऱ्यातच थांबला. रसवाला आला. काही विचारायची कुणाला गरज पडली नाही. मुंझिर तिच्या खुर्चीमागे उभा राहून रडत होता, आणि आपण कुणासाठी रडतोय हे त्याला धड सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळानं ती निवळली. नाक पुसून तिनं वर पाहिलं, आणि शिकवणी ऐकायला बसलेल्या गिऱ्हाइकाइतक्या भाबडेपणानं विचारलं, "तू रोजच करतोस हे काम. एक सांग. असं लिहिलं की त्यांना दुखतं का रे?"

"नाही, खाला," मुंझिर लगेच म्हणाला. "काही दुखत नाही."

तिचा विश्वास बसला. पिशवी उचलून, न्हाव्याच्या हाताला धरून ती अबू नादिरला सांगायला घरी गेली.

मुंझिर तिथेच उभा राहिला. अर्ध्या गावाच्या नावाआधी त्यानं तो शब्द लिहिला होता, आणि लिहिण्याआधी दिव्याच्या चौकटीपलीकडे एकदाही आत वाकून पाहिलं नव्हतं.